ब्राउझर कोणाला कोणापासून वाचवतो? पुण्यातील छोट्या कार्यालयांसाठी सविस्तर मार्गदर्शक

लक्ष्मी रस्त्यावरील दुकानाचा हिशेब, सहकारनगरातील गृहनिर्माण संस्थेचे बँक खाते, कर्वे रस्त्यावरील कर सल्लागाराकडे येणारी विवरणपत्रे आणि अप्पा बळवंत चौकातील झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर उघडली जाणारी अनोळखी लोकांची ईमेल खाती, ही सगळी कामे आज ब्राउझरमधूनच होतात. ब्राउझर सुरक्षित आहे असे आपण सहज म्हणतो. पण तो कोणाला कोणापासून सुरक्षित ठेवतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एका संकेतस्थळाला दुसऱ्या संकेतस्थळापासून तो अत्यंत काटेकोरपणे वेगळे ठेवतो. मात्र त्याच संगणकावर आळीपाळीने बसणाऱ्या दोन माणसांना, किंवा त्याच संगणकावर चालणाऱ्या दोन प्रोग्रॅमना, एकमेकांपासून दूर ठेवणे हे त्याने आपले काम मानलेलेच नाही. छोट्या कार्यालयात एकच संगणक तीन-चार जण वापरत असल्याने गोंधळ नेमका या दुसऱ्या बाजूने शिरतो. म्हणून ब्राउझर ज्या सीमा खरोखर राखतो त्या ओळखून कामाची मांडणी त्यांच्यावर कशी बसवावी, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. सूचना विंडोजवरील क्रोम डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत. एज आणि ब्रेव्ह हे दोन्ही क्रोमियमवरच, म्हणजे क्रोमच्याच मूळ सांगाड्यावर, बांधलेले असल्याने तेथे थोड्याफार फरकाने त्याच लागू पडतात, आणि फायरफॉक्स जेथे वेगळा वागतो तेथे तसे नमूद केले आहे.

आधी सीमा डोळ्यांनी पाहाव्यात

क्रोममध्ये तीन टॅब उघडावेत: पुणे महानगरपालिकेचे संकेतस्थळ, आपली ईमेल आणि जाहिरातींनी भरलेले एखादे बातम्यांचे पान. त्यानंतर शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘ब्राउझर’ नावाची एक मुख्य प्रोसेस (म्हणजे संगणकावर स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅमचा भाग), चित्र रंगवण्यासाठी जीपीयूची एक, नेटवर्कची एक आणि टॅबगणिक एकेक अशा अनेक प्रोसेस दिसतात. टॅबच्या प्रोसेसला रेंडरर म्हणतात. आलेल्या एचटीएमएलमधून पानाचा सांगाडा उभा करणे, त्यावर सीएसएसचे नियम बसवणे, कोणती चौकट कोठे येईल याचे गणित मांडणे आणि जावास्क्रिप्ट चालवणे ही सगळी कामे तो करतो. म्हणजे बाहेरच्या अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रत्यक्षात येथे चालतो. म्हणूनच त्याला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाहेर हात न पोहोचणाऱ्या कोंडवाड्यात, कोंडलेले असते. त्याला आपल्या डिस्कवरील फाइल स्वतः उघडता येत नाही. जे हवे ते मुख्य प्रोसेसकडे मागावे लागते आणि मुख्य प्रोसेस नियमानुसार हो किंवा नाही म्हणते.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला तो हीच विभागणी घेऊन. पेठेतल्या जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा एक असला तरी प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोलीला स्वतःची कडी असते, तशी ही रचना आहे. पण सुरुवातीला या कड्या पुरत्या लागलेल्या नव्हत्या. एका पानात दुसऱ्या संकेतस्थळाची चौकट असेल तर दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये नांदत असत. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधील त्रुटी जाहीर झाली आणि एका प्रोसेसमध्ये असलेली कोणतीही माहिती त्याच प्रोसेसमधील दुसऱ्या कोडला चोरून वाचता येऊ शकते, हे स्पष्ट झाले. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून संगणकावर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस देण्याची पद्धत सर्रास लागू झाली. फायरफॉक्सने तेच काम २०२१च्या अखेरीस पूर्ण केले. बातम्यांच्या पानाखाली टास्क मॅनेजरमध्ये ‘सबफ्रेम’ अशा ज्या नोंदी दिसतात, त्या या बदलाचा परिणाम आहेत. पानातील जाहिरात आणि पानातील व्हिडिओ यांना वेगळे घर मिळालेले असते.

याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. चार जीबीच्या जुन्या संगणकावर क्रोम रॅम खातो अशी जी तक्रार असते, तिच्यातील बराचसा भाग म्हणजे या भिंतींचा खर्च आहे. संगणक हलका करण्याच्या नावाखाली ही विभागणी बंद करण्याचे उपाय कोणी सुचवले तर ते करू नयेत. सेटिंग्जमधील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरी सेव्हर चालू करावा. तो न वापरलेले टॅब झोपवतो, भिंती पाडत नाही.

ओरिजिन, कुकी आणि दोघांमधील जुना विसंवाद

एका पानाने दुसऱ्या पानातील मजकूर वाचू नये हा नियम नेटस्केप नॅव्हिगेटर २ बरोबर १९९५च्या सुमारास आला. दोन पत्त्यांचे प्रोटोकॉल (एचटीटीपीएससारखी सुरुवात), होस्ट (साइटचे नाव) आणि पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) हे तिन्ही जुळले तरच त्यांचे ओरिजिन एक मानले जाते. कुकी, म्हणजे आपल्याला पुन्हा ओळखण्यासाठी साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, मात्र त्याआधीची. लू मॉन्टुली यांनी ती नेटस्केपमध्येच १९९४ मध्ये रचली. धाकट्याचा नियम थोरल्याने कधीच पुरता मानला नाही. कुकी पोर्ट पाहत नाही, आणि साइटने तसे सांगितल्यास ती मुख्य डोमेनखालील सर्व उपडोमेनना पाठवली जाते. यात आणखी एक अडचण होती. कुकी थेट ‘गव्ह डॉट इन’वर ठेवता आली असती तर महापालिकेची कुकी आयकर खात्याच्या साइटलाही गेली असती. ते टाळण्यासाठी मोझिलाने सुरू केलेली पब्लिक सफिक्स यादी सर्व ब्राउझर वापरतात. ‘को डॉट इन’, ‘गव्ह डॉट इन’ अशी सामायिक शेपटे त्यात नोंदवलेली आहेत आणि त्यांच्यावर कोणालाही कुकी ठेवता येत नाही. इंटरनेटच्या सुरक्षिततेचा एवढा मोठा भाग स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या एका साध्या मजकूर फाइलवर उभा आहे, हे प्रथम कळते तेव्हा जरा दचकायला होते.

कुकीचा दुसरा गुण व्यवहारात अधिक बोचतो. विनंती कोणत्या पानावरून निघाली याची पर्वा न करता ब्राउझर पूर्वी ती ज्या साइटकडे जात असेल त्या साइटची कुकी जोडून देत असे. त्यामुळे दुसऱ्या कोणत्या तरी पानाला आपल्या लॉगिनच्या जोरावर आपल्या नावाने विनंती पाठवता येत असे. २०२० पासून क्रोमने नियम उलटा केला. साइटने वेगळे काही सांगितले नसेल तर परक्या पानावरून फॉर्म भरून पाठवलेल्या विनंतीबरोबर कुकी जात नाही. याचा एक परिणाम पैसे भरताना दिसतो. बँकेच्या पानावर ओटीपी दिल्यानंतर परतीचा प्रवास असाच परक्या पानावरून होतो, आणि मूळ साइटने कुकी नीट लिहिलेली नसेल तर ती आपल्याला ओळखतच नाही व पुन्हा लॉगिन मागते. अशा वेळी पैसे गेले नाहीत असे समजून पुन्हा भरणा करू नये. आधी बँकेचे खाते तपासावे. तसेच ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ असा प्रश्न ब्राउझरने विचारला तर त्याचा अर्थ तीच विनंती दुसऱ्यांदा जाणार असा आहे, हे ओळखून ‘कॅन्सल’ दाबावे.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. भेट दिलेल्या दुव्याचा रंग बदलतो, आणि पूर्वी पाने हा रंग तपासून आपण कोठे कोठे जाऊन आलो ते शोधत असत. २०१० च्या सुमारास ब्राउझरांनी यावर काढलेला उपाय असा की आपल्याला रंग बदललेला दिसतो, पण पानाने विचारले तर ब्राउझर त्याला दुवा कधीच न पाहिल्याचे सांगतो. आपल्या भल्यासाठी ब्राउझर धडधडीत खोटे बोलतो अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे.

कामागणिक प्रोफाइल

आता प्रत्यक्ष मांडणीकडे यावे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील चित्रावर टिचकी मारून नवे प्रोफाइल जोडावे आणि गुगल खात्याशिवाय पुढे जाण्याचा पर्याय निवडावा. माझ्या मते कोणत्याही कार्यालयाला किमान तीन प्रोफाइल हवीत: एक केवळ बँक आणि कर यांसाठी, एक कार्यालयाच्या ईमेलसाठी आणि एक उरलेल्या सगळ्या भटकंतीसाठी. प्रत्येकाला ठळकपणे वेगळा रंग द्यावा, म्हणजे चुकीच्या खिडकीत बँक उघडली तर नजरेला लगेच खटकते. बँकेच्या प्रोफाइलमध्ये एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला जादा छोटा प्रोग्रॅम) ठेवू नये, आणि रोजच्या सर्व साइट बुकमार्कमध्ये ठेवून तेथूनच उघडाव्यात. शोधयंत्रात बँकेचे नाव टाकून आलेल्या पहिल्या दुव्यावर, जो पुष्कळदा जाहिरात असतो, जाऊ नये.

प्रत्येक प्रोफाइलचे डिस्कवर स्वतंत्र फोल्डर असते आणि त्यात त्याच्या कुकी, इतिहास, साठवलेले पासवर्ड आणि एक्स्टेन्शन वेगवेगळे राहतात. एका प्रोफाइलमध्ये बँकेचे लॉगिन चालू असले तरी दुसऱ्यातील पानाला त्या लॉगिनचा आधार घेता येत नाही. फायरफॉक्समध्ये हेच काम मोझिलाच्या मल्टी अकाउंट कंटेनर्स या एक्स्टेन्शनने टॅबच्या पातळीवर करता येते. तेथे कुकी वेगळ्या राहतात, पण इतिहास आणि पासवर्ड सामायिक असतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रोफाइलला कुलूप नसते. संगणकासमोर बसलेला कोणीही एका टिचकीत दुसऱ्याचे प्रोफाइल उघडू शकतो. प्रोफाइल कामे वेगळी करते, माणसे वेगळी करत नाही. संस्थेचे व्यवस्थापक आणि खजिनदार एकच संगणक वापरत असतील तर त्यांच्यासाठी विंडोजमध्ये दोन स्वतंत्र खाती, त्यांना दोन पासवर्ड आणि दोन्ही खाती प्रशासकीय अधिकार नसलेली, हाच उपाय आहे.

बँकेच्या प्रोफाइलमध्ये आणखी एक सेटिंग पाहावे. ‘ऑन स्टार्टअप’ या भागात ‘जेथे सोडले तेथून पुढे चालू’ असा पर्याय निवडलेला असेल तर तो बदलून ‘नवा टॅब’ करावा. खिडकी बंद केली की तात्पुरत्या कुकी पुसल्या जातात असे समजले जाते. पण हा पर्याय चालू असताना क्रोम त्या जपून ठेवतो आणि सकाळी संगणक सुरू करणाऱ्याला आदल्या संध्याकाळचे लॉगिन आयते मिळू शकते. बँका काही मिनिटांनी स्वतःहून बाहेर काढतात म्हणून हे सहसा लक्षात येत नाही. ईमेल तसे करत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातील संगणक

विद्यार्थी येतो, ईमेल उघडतो, प्रवेशाचा अर्ज छापून घेतो आणि निघून जातो. अशा संगणकावर इन्कॉग्निटो वापरला की झाले असे दुकानदार मानतात, पण उघड्या असलेल्या सर्व इन्कॉग्निटो खिडक्यांची कुकी एकच असते. पहिल्याची खिडकी मागे दडलेली असताना दुसऱ्यासाठी नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडली तर तिच्यात पहिल्याचीच ईमेल उघडते. यासाठी योग्य साधन म्हणजे प्रोफाइलच्या यादीतील ‘गेस्ट’. त्यात दुकानदाराचे बुकमार्क, पासवर्ड किंवा इतिहास दिसत नाही आणि बंद केल्यावर मागे काही राहत नाही. अर्थात प्रत्येक ग्राहकानंतर ते बंद करायलाच हवे. उतरवून घेतलेल्या फाइल मात्र दोन्ही पद्धतींत ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये तशाच पडून राहतात. आधार कार्डांच्या प्रती तेथे साचू नयेत म्हणून दुकान बंद करताना तो फोल्डर आणि रीसायकल बिन दोन्ही रिकामे करावेत. दुकानातील संगणकावर व्हॉट्सॲप उघडले असेल तर ग्राहकाने स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहून अनोळखी नोंद काढून टाकावी.

पत्ता वाचणे आणि पट्टीखालचे काहीही खरे न मानणे

पत्ता उजवीकडून वाचावा. प्रोटोकॉलनंतरच्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढे जी पहिली एकेरी तिरपी रेषा येते, तिच्या लगेच डावीकडचा तुकडा म्हणजे खरे डोमेन. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले होते, आणि त्या शेपटाची नोंदणी केवळ हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडून होते. त्यामुळे ‘कखग डॉट बँक डॉट इन’ या पत्त्याला काही वजन आहे. पण ‘कखगबँक डॉट इन’ हा पत्ता, ज्यात मधला टिंब नाही, कोणीही विकत घेऊ शकतो. एका टिंबाचा हा फरक कार्यालयातील प्रत्येकाला कागदावर लिहून दाखवावा. पत्त्यात ॲटचे चिन्ह असेल तर त्याच्या डावीकडचे सगळे केवळ वापरकर्त्याचे नाव मानले जाते आणि खरा पत्ता उजवीकडे सुरू होतो, हीही एक जुनी युक्ती आहे.

लिपीचा घोळ वेगळाच. २०१७ मध्ये शुडाँग झेंग या संशोधकाने सिरिलिक अक्षरे वापरून ॲपलच्या पत्त्यासारखा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला, आणि त्यानंतर क्रोमने ५८व्या आवृत्तीत नियम कडक केले. आता संशयास्पद मिश्रण आढळले की ब्राउझर अक्षरांऐवजी ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेषांनी सुरू होणारे सांकेतिक रूप दाखवतो. २०१४ पासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ उपलब्ध असल्यामुळे असे रूप कधी कधी प्रामाणिक मराठी संकेतस्थळाचेही असू शकते. पण बँकेच्या बाबतीत ते दिसले तर पान बंद करावे.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दल थोडक्यात: ते चिन्ह जोडणी सांकेतिक, म्हणजे मधल्या कोणाला वाचता न येणारी, आहे एवढेच सांगत होते, समोरचा सज्जन आहे असे नव्हे. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा अशा जोडणीसाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत देते आणि ती ठगालाही मिळतात. क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूप काढून तेथे सेटिंगचे चिन्ह ठेवले, आणि ते योग्यच केले.

पत्त्याच्या पट्टीखालची संपूर्ण जागा पानाच्या मालकीची असते आणि तेथे ते काहीही रंगवू शकते. अगदी गुगलच्या लॉगिनची खोटी खिडकी, तिच्या खोट्या पत्त्याच्या पट्टीसह. संशय आला तर ती खिडकी माऊसने धरून मुख्य खिडकीच्या बाहेर ओढून पाहावी. खरी असेल तर बाहेर येते, रंगवलेली असेल तर कडेला अडकते. पोलिसांचे चिन्ह दाखवून संगणक गोठवल्याचा देखावा करणारे पान हे बहुधा केवळ पूर्ण पडदा व्यापलेले पान असते. एस्केप दाबून धरावे, मग ऑल्ट आणि एफ४ ने खिडकी बंद करावी, आणि पुन्हा सुरू करताना जुनी पाने उघडण्यास नकार द्यावा.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे ‘मी रोबोट नाही’ हे सिद्ध करण्याच्या नावाखाली विंडोजचे बटण आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबण्यास सांगणारे पान. आपण पानावर एक टिचकी मारली की पानाला आपल्याला न विचारता क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी) मजकूर ठेवता येतो. तो मजकूर म्हणजे आज्ञा असते आणि ती सँडबॉक्सच्या बाहेर आपण स्वतःच्या हाताने चालवतो. सगळ्या भिंती शाबूत असताना घरमालकाकरवी दार उघडून घेण्याची ही पद्धत आहे. कोणतेही खरे संकेतस्थळ अशा तीन कळा कधीही दाबायला लावत नाही.

डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल आणि संगणकातील छुपा सर्व्हर

कर सल्लागारांनी हा भाग सावकाश वाचावा. ब्राउझरमधील पानाला यूएसबीवरील डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनला, म्हणजे डोंगलला, हात लावता येत नाही. पूर्वी जावाचे ॲपलेट (पानात चालणारा छोटा प्रोग्रॅम) हा पूल बांधत असे. पण त्यासाठी लागणारी जुनी प्लगिन पद्धत क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने, फ्लॅशचा अपवाद ठेवून, २०१७ मध्ये बंद केली. तेव्हापासून जीएसटीसाठी एमसायनर, आयकरासाठी एमब्रिज अशा उपयोजना, म्हणजे संगणकावर बसवायचे छोटे प्रोग्रॅम, वापरल्या जातात. त्या आपल्याच संगणकावर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, एक छोटा सर्व्हर (विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्रॅम) चालवतात. पोर्टलचे पान त्या सर्व्हरशी बोलते आणि तो टोकनशी बोलतो.

यातील खाच अशी की असा सर्व्हर चालू असताना उघडलेल्या कोणत्याही पानाला त्याचे दार ठोठावता येते. आत घ्यायचे की नाही हे त्या उपयोजनेने ठरवायचे असते. २०२५च्या अखेरीपासून क्रोम अशा वेळी स्थानिक नेटवर्कशी जोडण्याची परवानगी मागू लागला आहे. जीएसटीच्या किंवा आयकराच्या पोर्टलने मागितली तर ती द्यावी, अन्यथा स्वाक्षरी होणार नाही आणि दोष उगाच डोंगलवर जाईल. बातम्यांच्या किंवा खरेदीच्या साइटने मागितली तर नाकारावी. स्वाक्षरीचे काम कर प्रोफाइलमध्येच करावे, ते झाल्यावर उपयोजना बंद करावी आणि टोकन काढून कपाटात ठेवावे.

स्थापनेच्या वेळी प्रमाणपत्राबाबत दोन वेगळ्या गोष्टी करायला सांगितल्या जातात आणि त्यांतील फरक कळणे फार महत्त्वाचे आहे. १२७.०.०.१ हा पत्ता उघडून इशारा स्वीकारणे हा त्या एका पत्त्यापुरता अपवाद आहे. त्याचा धोका मर्यादित आहे. याउलट एखादे प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत घालणे म्हणजे त्याच्या मालकाला जगातील कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेण्याचा अधिकार देणे होय. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर आधीच घातलेल्या सुपरफिश या सॉफ्टवेअरने नेमके हेच केले होते. सर्व लॅपटॉपवर एकच खासगी किल्ली होती, ती शोधून काढली गेली आणि मग ती हाती असलेल्या कोणालाही त्या लॅपटॉपांसमोर बँकेचे सोंग घेता आले असते. सेटिंग्जमधील ‘सिक्युरिटी’ या भागात ‘मॅनेज सर्टिफिकेट्स’ उघडून आपण किंवा तंत्रज्ञाने काय काय घातले आहे ते पाहावे, आणि ज्याचे कारण कोणी सांगू शकत नाही ते काढावे. अँटीव्हायरसचे प्रमाणपत्र तेथे दिसू शकते. सांकेतिक जोडण्या तपासण्यासाठी तो ते घालतो.

भारतीय शासनाच्या मूळ प्रमाणपत्राचा इतिहासही येथे संबंधित आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या केंद्र शासनाच्या संगणक संस्थेच्या यंत्रणेतून गुगलच्या डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. विंडोजची यादी भारताच्या सीसीएवर, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या शासकीय नियंत्रकावर, विश्वास ठेवत असल्याने तिच्यावर विसंबणारे ब्राउझर धोक्यात आले. फायरफॉक्सची यादी स्वतःची असल्याने तो वाचला. आज क्रोमचीही स्वतःची यादी आहे आणि सीसीएचे मूळ प्रमाणपत्र या दोघांच्याही यादीत नाही. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत हे प्रमाणपत्र अंतर्भूत असण्याची अट होती, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

एक्स्टेन्शन आणि पासवर्ड

वर सांगितलेल्या सर्व भिंतींमधून आरपार जाण्याचा परवाना एकालाच मिळतो, तो एक्स्टेन्शनला. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी दिली की बँकेचे पान त्याला आपल्याइतकेच दिसते. शिवाय एक्स्टेन्शनचा मालक ते दुसऱ्याला विकू शकतो आणि नवा मालक पाठवेल ती आवृत्ती आपोआप येते. कालचे चांगले एक्स्टेन्शन उद्या चांगले असेलच असे नाही. प्रत्येकाच्या ‘डिटेल्स’मध्ये जाऊन साइटची परवानगी ‘टिचकी मारल्यावर’ अशी करावी. स्क्रीनशॉट आणि पीडीएफची एक्स्टेन्शन सरळ काढावीत. ती कामे विंडोज आणि क्रोम स्वतः करतात.

ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवावेत का, हा नेहमीचा वाद आहे. मी साठवावेत या बाजूचा आहे, आणि कारण असे की पासवर्ड भरणारे यंत्र डोळ्यांनी फसत नाही. डोमेन जुळले नाही तर ते पासवर्ड भरतच नाही, आणि नेहमी भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही हीच सर्वांत चांगली धोक्याची घंटा आहे. दुसरी बाजूही खरी आहे. विंडोजवर हे पासवर्ड आपल्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद केलेले असतात, त्यामुळे त्याच खात्यात चालणारा दुष्ट प्रोग्रॅम ते उघडू शकतो. क्रोमने २०२४ मध्ये १२७व्या आवृत्तीपासून कुकींसाठी जादा संरक्षण आणले, पण चोरांनी त्यावरही वाटा शोधल्या. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवता येतो. तो पासवर्डांना झाकतो, कुकींना नाही. आणि चोरांना आज पासवर्डपेक्षा कुकी अधिक हवी असते, कारण ती ओटीपी दिल्यानंतरची पावती आहे. ती दुसऱ्या संगणकावर नेली की ओटीपी पुन्हा मागितला जात नाही. म्हणूनच क्रॅक केलेली सॉफ्टवेअर कार्यालयाच्या संगणकावर नकोत.

अपडेट आणि उतरवलेल्या फाइल

क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील अपडेटचे चिन्ह हिरवे असेल तर सुधारणा येऊन दोन दिवसांपेक्षा कमी काळ झाला आहे, नारिंगी म्हणजे सुमारे चार दिवस आणि लाल म्हणजे किमान आठवडा. आठवडाभर खिडकी बंद न करणाऱ्यांकडे ते लालच असते. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९व्या आवृत्तीवर थांबला आहे. अशा संगणकावर बँक उघडू नये. एखादी जुनी साइट इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल तर एजमधील आयई मोड तेवढ्या साइटपुरता चालू करावा.

इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारते, आणि त्या शिक्क्यामुळेच एक्सेलमधील मॅक्रो (फाइलमध्ये दडलेल्या आज्ञा) अडवले जातात. हा शिक्का एनटीएफएस पद्धतीच्या, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या आतल्या, डिस्कवर टिकतो. फाइल सर्वसाधारण पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्या संगणकावर नेली की शिक्का पुसला जातो आणि इशाराही येत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरून आलेल्या फाइलकडे अधिक संशयाने पाहावे.

काही घडलेच तर

क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम संगणकाची नेटवर्कची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेल खात्यातील सर्व उपकरणांचे लॉगिन रद्द करावे आणि मगच पासवर्ड बदलावा, कारण काही सेवांमध्ये पासवर्ड बदलला तरी चोरीला गेलेली कुकी चालूच राहते. बाधित संगणकावर नवा पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो चोराला कळवणेच. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, आणि मग सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनमधील किल्ली बाहेर काढता येत नाही, पण त्याचा पिन त्या संगणकावर टाइप झाला असल्याने तोही दुसऱ्या संगणकावर बदलावा.

संगणक पुसून विंडोज नव्याने बसवणे हा खरा उपाय आहे. मात्र त्यानंतर क्रोममध्ये गुगल खाते घालून सिंक चालू केले की जुनी एक्स्टेन्शनही, त्यांत दोषी असलेले धरून, खात्यातून परत येतात. म्हणून सिंकच्या सेटिंगमध्ये एक्स्टेन्शनचा पर्याय आधी बंद करावा, लागतील तीच हाताने पुन्हा बसवावीत, आणि बँकेच्या प्रोफाइलला कोणतेही खाते जोडू नये.